पडद्यामागचं पाणी गेलं का, एवढंच मोजू नका : मुलांच्या कानांवर संशोधन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वैद्यकीय महाविद्यालयांतल्या कान-नाक-घसा आणि बालरोग विभागांचे प्रबंध-मार्गदर्शक प्राध्यापक,
असोसिएशन ऑफ ओटोलॅरिंगॉलॉजिस्ट्स ऑफ इंडिया,
इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक,
भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, नवी दिल्ली

विषय : मुलांच्या कानात पाणी साठण्याच्या (ग्लू इयर) आजारावरील अभ्यासांत काय मोजायचं, हे सर्वांनी मिळून ठरवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका रुग्णालयात माझ्या हातात एक संमतीपत्र आलं. माझी धाकटी मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलं आहे आणि त्या विभागात नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेवर अभ्यास चालू आहे. कागद स्वच्छ मराठीत होता, समजावून सांगणाऱ्या डॉक्टर बाईंनी घाई केली नाही. तरीही मी सही केलेली नाही. स्प्रेचा उपयोग झाला की नाही हे कशावरून ठरवणार, असं मी विचारलं. आठ आठवड्यांनी टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का याची यंत्रावरची तपासणी, करायची आणि आलेख 'बी'चा (सपाट, म्हणजे बहुधा पाणी आहे) 'ए' (नेहमीसारखा) झाला का ते बघायचं, असं उत्तर मिळालं. तोवर तिला ऐकू कसं येतं, घरात आणि अंगणवाडीत ती काय बोलते, हाक मारल्यावर वळते का, यासाठी त्या अर्जात एकही रकाना नव्हता.

थोरल्या मुलाच्या वेळी दुसऱ्या गावात, दुसऱ्या रुग्णालयात नेमकं हेच झालं होतं. तेव्हा मी सही केली होती. ठरलेल्या मुदतीत त्याचा आलेख सुधारला आणि अभ्यासातली त्याची फाईल बंद झाली. पुढे थंडी पडली, सर्दी झाली, पाणी परत आलं आणि पहिलीचं जवळजवळ सगळं वर्ष तो वर्गात हरवल्यासारखा बसून होता. नंतर ग्रोमेट, म्हणजे कानाच्या पडद्यात बसवायच्या बारीक नळ्या, घातले, आता त्याला व्यवस्थित ऐकू येतं. पण शिकाऊ डॉक्टरांच्या त्या प्रबंधाच्या तक्त्यात तो 'बरा झालेला' आहे आणि कायम तसाच राहणार. वाचनात तो मागे पडला, त्यातलं कानामुळे किती आणि इतर कशामुळे किती, हे मला आजही सांगता येत नाही, कारण त्या काळात त्याचं बोलणं-ऐकणं कुणीच मोजलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. हे पत्र आई म्हणून लिहिते आहे आणि शिक्षिका म्हणूनही. ही मुलं आपल्याला ओपीडीत काही मिनिटं दिसतात. माझ्यासमोर ती दिवसभर असतात.

ज्या पालकांच्या मुलांना हा आजार आहे पण ज्यांना त्याचं नावही कुणी सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. नाकाच्या मागच्या भागातून मधल्या कानाकडे एक नळी जाते, तिथली हवा खेळती ठेवणारी. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते. सर्दीनं, ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढल्यानं ती नीट उघडली नाही की पडद्यामागे पाणी साठतं आणि कधीकधी ते डिंकासारखं घट्ट होतं. मूल बहुधा रडत नाही, तापही येत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त ऐकणं मंद होतं, साधारण २० ते ३० डेसिबलनं, तेही रोज सारखं नाही. आज ऐकू येतं, उद्या येत नाही. घरचे म्हणतात, लक्षच देत नाही. शाळेत जायच्या वयापर्यंत १० पैकी ९ मुलांना एकदा तरी हे होऊन जातं, आणि बहुतेकांचं तीन महिन्यांत आपोआप जातं. म्हणूनच डॉक्टर आधी तीन महिने वाट पाहायला सांगतात, आणि ते बरोबरच आहे.

पण बरीच मुलं आपोआप बरी होतात, म्हणूनच इथलं संशोधन फार जपून व्हायला हवं. कुठलंही औषध द्या, काही आठवड्यांनी बऱ्याच मुलांचं पाणी गेलेलं दिसेल. ते औषधानं गेलं की जायचंच होतं, गेलं तर परत आलं का आणि मधल्या काळात मुलाचं काय झालं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली तरच त्या अभ्यासाचा मला किंवा माझ्या मुलीला उपयोग आहे.

माझी पहिली तक्रार हीच आहे : आपले बरेच अभ्यास पाण्यापाशी थांबतात. टिम्पॅनोमेट्री सोपी आहे, झटपट होते, मुलानं काही उत्तर द्यावं लागत नाही, हे मला समजतं. पण पाणी जाणं आणि ऐकू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुमच्याच क्षेत्रानं दाखवून दिलं आहे. तोंडावाटे द्यायच्या स्टेरॉइडचं उदाहरण घ्या. त्यानं पाणी लवकर ओसरतं, असं आधीच्या अभ्यासांची बेरीज सांगत होती. मग वेल्स आणि इंग्लंडमध्ये 'ऑस्ट्रिच' नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. २ ते ८ वर्षांची ३८९ मुलं होती, सगळ्यांना कमी ऐकू येत होतं. त्या संशोधकांनी मुख्य प्रश्नच बदलला. पाच आठवड्यांनी ऑडिओमेट्रीत (किती हळू आवाज ऐकू येतो याच्या तपासणीत) मुलाचं ऐकणं पुरेसं आहे का, हे त्यांनी पाहिलं. स्टेरॉइड दिलेल्यांपैकी ४० टक्के मुलांना नीट ऐकू येत होतं, खोटं औषध दिलेल्यांपैकी ३३ टक्क्यांना. फरक इतका थोडा की औषध सरसकट देण्यात अर्थ नाही, आणि औषध न देताही तीनात एक मूल बरं झालेलं. जोडीला त्यांनी पालकांकडून मुलांच्या रोजच्या जगण्याचीही माहिती घेतली होती. एवढ्यासाठी कुठलं महागडं यंत्र शोधावं लागलं नाही, प्रश्न बदलावा लागला.

दुसरी तक्रार बेरजेची. एक विभाग चार आठवड्यांनी तपासतो, दुसरा बारा. एक 'बी'चा 'ए' झाला तरच सुधारणा धरतो, दुसरा 'सी'वरही (या दोहोंच्या मधल्या आलेखावरही) समाधानी. कुणी किती कान बरे झाले ते मोजतं, कुणी किती मुलं. कुठे ऑडिओमेट्री असते, कुठे आईला विचारलेला एकच प्रश्न. प्रत्येक अभ्यास आपापल्या जागी प्रामाणिक असेल, पण एकानं पायलीनं आणि दुसऱ्यानं किलोनं मोजलेला भात एका बेरजेत मांडता येत नाही. आपल्याकडे पन्नास-साठ मुलांचे लहान लहान प्रबंध होतात. तशा दहा प्रबंधांनी सारख्याच गोष्टी सारख्याच वेळी मोजल्या असत्या, तर पाच-सहाशे मुलांचं उत्तर हाती आलं असतं. तसं न झाल्यानं त्या सगळ्या मुलांनी दिलेलं रक्त, वेळ आणि बुडालेली शाळा ग्रंथालयाच्या कपाटात राहते. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात माझाही मुलगा आहे.

ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच नाही. २०२३ मध्ये कॉक्रेननं, म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेनं, या आजारावरच्या पाच उपचारांचे आढावे प्रसिद्ध केले : ग्रोमेट, ॲडेनॉइड काढणं, स्टेरॉइड, प्रतिजैविकं आणि नाकानं फुगा फुगवून नळी उघडण्याचा उपाय. ग्रोमेट ही जगात मुलांवर सर्वांत जास्त होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एक. १९५४ मध्ये ती नव्यानं वापरात आली. सत्तर वर्षांनीही आढाव्याला एवढंच म्हणता आलं की थोड्या काळासाठी ऐकण्यात थोडा फायदा होत असावा, पुढे तो टिकतो का ते स्पष्ट नाही, आणि मुलाच्या जगण्यावर काय परिणाम होतो याची माहिती फारच तुटपुंजी आहे. मुलाला भूल देऊन टेबलावर घेतात तेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या आईला याहून जास्त सांगता यायला हवं होतं.

यावर उपाय आहे, आणि तो नवा नाही. संधिवाताचे संशोधक १९९२ पासून एकत्र बसून 'कुठल्याही अभ्यासात निदान एवढं मोजायचंच' अशा याद्या ठरवत आले. २०१० मध्ये लिव्हरपूलमधून 'कॉमेट' हा उपक्रम सुरू झाला आणि सगळ्याच आजारांसाठी अशा याद्या करण्याची पद्धत रुळली. ग्लू इयरमध्ये मँचेस्टरच्या गटानं २०१५ मध्ये टाळू दुभंगलेल्या मुलांसाठी यादी केली. त्या मुलांत हा आजार जवळजवळ ठरलेलाच असतो. या गटाचं मला सर्वांत आवडलं ते हे, की त्यांनी डॉक्टरांच्या मतांसोबत पालकांना आणि मुलांनाही भेटून विचारलं. त्यांच्या यादीत ऐकण्याच्या तपासणीबरोबर मुलाचं बोलणं आहे, भाषा समजणं आहे, मनाची आणि सामाजिक वाढ आहे, उपचारांचे दुष्परिणाम आहेत. २०२० मध्ये एरवी निरोगी असलेल्या मुलांसाठीही तशी यादी प्रसिद्ध झाली. म्हणजे कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची नाही.

यादी ठरते कशी, हे पालकांना कळावं म्हणून लिहिते. आधी अभ्यासांतून आणि मुलाखतींतून मोजता येण्यासारख्या सगळ्या गोष्टी गोळा होतात. मग डॉक्टर, ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे तज्ज्ञ), पालक असे सगळे प्रत्येक गोष्टीला १ ते ९ गुण देतात. एकमेकांचे गुण पाहून दुसऱ्या फेरीत मत बदलता येतं. साधारणपणे ७० टक्के लोकांनी ७ ते ९ गुण दिले आणि १५ टक्क्यांहून कमी लोकांनी १ ते ३ दिले, तर ती गोष्ट यादीत जाते. उरलेल्या गोष्टींवर समोरासमोर बसून बोलणी होतात. यात पहिलीच्या शिक्षिकेच्या मताला वजन मिळू शकतं, म्हणून मला ही पद्धत न्यायाची वाटते.

तिसरी तक्रार, आणि ही मला सर्वांत जवळची : आमच्या मुलांची भाषा या मोजणीत कुठेच नाही. परदेशात केलेल्या प्रश्नावल्या आहेत. सहा प्रश्नांची एक १९९७ पासून वापरात आहे : त्रास, ऐकणं, बोलणं, मनःस्थिती, खेळ आणि हालचालींवरची बंधनं, आईवडिलांची काळजी. चांगली आहे. पण मंद ऐकू येणाऱ्या मुलाची मराठी नेमकी कुठे ढासळते, हे इंग्रजीसाठी केलेल्या कुठल्याच मापात सापडणार नाही. आपल्या भाषेत वाक्याचा सगळा भार शब्दाच्या शेपटीवर असतो. 'आजीला दिलं' आणि 'आजीने दिलं' यांत फरक करतो तो एक तोकडा, आघात नसलेला प्रत्यय. 'शाळेत', 'शाळेला', 'शाळेचा' हेही तसंच. आला, आली, आलं यांत फक्त शेवटचा स्वर बदलतो. बोलताना आपण हे शेवट दाबून टाकतो आणि मंद ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर ते धड येतच नाहीत. माझ्या वर्गातली अशी मुलं वाक्यांचे शेवट खातात आणि शुद्धलेखनाच्या वहीत 'फळ'चं 'पळ' करतात, 'खार'चं 'कार'. लोक म्हणतात, अजून बोबडं बोलतंय. कुणी हसतंही. मग ते मूल उत्तर येत असूनही हात वर करत नाही.

आणि ही झाली मराठीची गोष्ट. धुळ्या-नंदुरबारकडच्या घरात अहिराणी किंवा भिली असते, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी. त्या आईला प्रमाण मराठीत छापलेला प्रश्न विचारून 'हो' किंवा 'नाही'वर खूण केली, तर ते मोजणं झालं असं मी मानणार नाही. प्रश्नावली भाषांतर करून भागत नाही. ती आयांसमोर वाचून दाखवावी लागते, त्यांना काय समजलं ते विचारावं लागतं, पुन्हा लिहावी लागते. वांद्र्याला वाचा आणि श्रवणासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला वाचा-श्रवण संस्था आहे, तिथे हे काम जाणणारी माणसं आहेत. त्यांना बोलवा.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. आपल्याकडे वाहणारा कान हा फार मोठा प्रश्न आहे. ग्रोमेट घातलेलं मूल विहिरीत, नदीत पोहतं, ओढ्यावर आंघोळ करतं. म्हणून कान वाहिला का, पडद्याला भोक राहिलं का, हे इथल्या यादीत वर असायला हवं. तसंच घरच्यांचा खर्च आणि बुडालेली मजुरी. तपासणीला परत न आलेली मुलं अहवालात 'फॉलो-अपला आली नाहीत' एवढ्या शब्दांत संपतात. ती का आली नाहीत, हेही मोजण्यासारखंच आहे.

मोजणी लांबवर न्या, हा माझा आग्रह अव्यवहारी नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संशोधकांनी पाणी टिकून राहिलेल्या ४२९ बाळांपैकी काहींना लगेच ग्रोमेट घातले, काहींना कित्येक महिने थांबवलं, आणि मग मुलं ९ ते ११ वर्षांची होईपर्यंत त्यांची भाषा, वाचन, वागणूक तपासत राहिले. एरवी निरोगी असलेल्या त्या मुलांत दोन गटांत फरक आढळला नाही. किती घरांचा घोर त्या एका उत्तरानं कमी झाला असेल! ते उत्तर मिळालं, कारण त्यांनी भाषा आणि वाचन मोजलं. तीन वर्षांसाठीच विभागात असलेल्या निवासी डॉक्टरला एवढं लांब जाता येणार नाही, हे मान्य. पण विभाग तिथेच असतो, मार्गदर्शक तिथेच असतात. एका तुकडीनं नोंदवलेली मुलं पुढच्या तुकडीनं सहा महिन्यांनी, वर्षानं पाहावीत, एवढी साखळी जोडता येईल.

आपल्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. तीन वर्षांच्या मुलाची ऑडिओमेट्री म्हणजे खेळ मांडून बसणं, त्याला वेळ लागतो, शांत खोली लागते, ऑडिओलॉजिस्ट लागतो, आणि बाहेर रांग असते. म्हणूनच यादी छोटी हवी. पंचवीस गोष्टींची यादी कुणीच पाळणार नाही, पाच-सहा गोष्टींची पाळता येईल. त्यापलीकडे ज्याला जे मोजायचं ते त्यानं जरूर मोजावं.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या दोन्ही संघटनांनी मिळून, ऑडिओलॉजिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञांना बरोबरीनं घेऊन, आधी झालेल्या याद्या समोर ठेवाव्यात. त्यातलं आपल्याला काय लागू आहे आणि आपलं काय जोडायचं, हे खुलेपणानं ठरवावं. त्या बैठकीत पालक आणि प्राथमिक शिक्षक असावेत, आणि ते मत देणारे असावेत, नुसते पाहुणे नकोत.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं या आजारावरच्या प्रबंधाचा आराखडा स्वीकारताना एक अट घालावी : ठरलेल्या यादीतलं जे मोजणार नाही, त्याचं कारण लिहून द्या. त्याच वेळी महाविद्यालयांच्या एथिक्स कमिट्यांनीही (अभ्यासाला परवानगी देणाऱ्या नीतिसमित्यांनीही) हाच प्रश्न विचारावा.

अनुसंधान परिषदेकडे तर साधन तयारच आहे. भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही २००७ पासून त्यांच्याकडे आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिलं मूल घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. तिथे मुख्य निष्कर्ष कोणता आणि तो केव्हा मोजणार, हे रकाने आहेतच. ग्लू इयरच्या अभ्यासांत 'ऐकणं' तिथे दिसलंच पाहिजे, अशी सूचना काढायला नवा कायदा लागत नाही. मराठीसह इथल्या भाषांतल्या प्रश्नावल्यांच्या कामाला परिषदेनं पैसाही द्यावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, आणि कानाचे आजार त्यांच्या यादीत आहेत. अभ्यासातल्या मुलांना पुढे शोधायचं असेल, तर या पथकांची आणि आम्हा शिक्षकांची मदत मागा. वर्गात मूल कसं ऐकतं याचा एक पानाचा तक्ता आम्ही भरून देऊ.

आणि ज्या आईनं सही केली, तिला अभ्यास संपल्यावर निष्कर्ष चार ओळींत, तिच्या भाषेत कळवा. मला माझ्या मुलाच्या अभ्यासाचा निष्कर्ष आजवर कुणी कळवलेला नाही.

यादीसाठी बैठक ठरली, तर माझ्या तालुक्यातून मी आणि आणखी काही पालक यायला तयार आहोत. फक्त ती रविवारी ठेवावी, म्हणजे शाळा आणि रोजगार बुडणार नाही, आणि येण्याजाण्याचं एसटीचं भाडं द्यावं, कारण ज्यांचं म्हणणं सर्वांत आधी ऐकायला हवं, त्यांना ते परवडत नाही. बैठकीत ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर फिरणाऱ्या एखाद्या आईलाही जागा ठेवा. तिचं मूल तपासणीला परत का येत नाही, ते ती सांगेल.

आपली,
दोन मुलांची आई आणि प्राथमिक शिक्षिका,
सातारा जिल्हा